फडाच्या चालीनं दहा किलोमीटर

कारखान्याच्या नोटीस बोर्डावर माझं नाव लागलं ते चेष्टेनं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला जिद्दीची बाई वगैरे म्हणायला नको. त्या साली पावसानं पार पाठ फिरवली होती. ज्येष्ठ कोरडा गेला, आषाढ लागला तरी गावाला टँकर लागत होता, आणि उभा ऊस लोकांनी कापून जनावरांपुढं टाकला होता. गाळायला ऊसच नाही म्हटल्यावर आमच्या सहकारी साखर कारखान्यानं यंदा हंगाम घ्यायचा नाही असं ठरवलं. मग रिकाम्या बसलेल्या संचालकांना काहीतरी करून दाखवायची हुक्की आली. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की कर्करोगाच्या संशोधनासाठी दौड घ्यायची. दहा किलोमीटर, दसऱ्याच्या आधी. जो शेवटपर्यंत पोचेल त्याच्या नावानं कारखाना आणि बाजारातले व्यापारी देणगी देणार, ती लांबच्या शहरातल्या एका संस्थेला जाणार, आणि कारखान्याच्या प्रत्येक खात्यानं पळायला एक माणूस द्यायचा.

मी शेतकी खात्यात कारकून. तीही हंगामी. अठरा वर्षं झाली तरी हंगामीच. वय त्रेचाळीस, अंगानं भरलेली, ऑफिसचा जिना चढले तरी खुर्चीत बसून आधी श्वास शोधावा लागायचा. हेडक्लार्कनं कागदावर माझं नाव टाकलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. "मॅडम, तुमीच पळा. नंबर न्हाई आला तरी रस्ता तर दबंल." सगळं ऑफिस खो खो हसलं. मीही हसले. हंगामी माणसाला साहेबाच्या विनोदावर वेळेत हसावं लागतं. आतून मात्र टाळकं सटकलं होतं. उद्या जाऊन नाव खोडायला लावायचं असं ठरवूनच मी घरी आले.

घर म्हणजे नेकनूरच्या अलीकडच्या एका खेड्यात, विहाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. माझं लग्न वर्षभर टिकलं, दाजी जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळं घरात आम्ही दोघी बहिणी. अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. त्या दिवशी ती दाराजवळच्या बाजेवर पडलेली होती, तशी ती चैत्रापासून पडूनच होती. माझं तोंड बघून म्हणाली, "काय गं साहेबीण, कोण भांडलं?" मी सगळं सांगितलं. तर ही हसली. पोट धरून हसली. कितीतरी महिन्यांनी मी तिचे दात बघितले.

हसून झाल्यावर तिनं विचारलं, "कावून पळायलेत पण?"

"कॅन्सरसाठी. त्याचं औषध शोधायला पैसे गोळा करायलेत."

तशी ती म्हणाली, "तर मग नाव खोडू नको."

तिला कॅन्सर होता. शेवटचा टप्पा. शहरातल्या डॉक्टरांनी लाईट देऊन झाली, सलाईन देऊन झाली, आणि आता घरी ठेवा म्हणून सांगितलं होतं.

ते कसं झालं हे सांगितल्याशिवाय पुढचं काहीच कळायचं नाही. अक्का तेराव्या वर्षापासून ऊसतोडीला गेली. दरसाल दसरा झाला की मुकादमाची गाडी यायची आणि टोळी निघायची, घाटाखालच्या कारखान्यांवर, नाहीतर पार कर्नाटकात. मी मात्र वसतिगृहात राहून शिकत होते. माझी फी, माझी वह्या-पुस्तकं, माझी पहिली चप्पल, सगळं अक्काच्या कोयत्यातून आलेलं. तिला सही येत नव्हती आणि मी बी.ए. करत होते, याचा तिला कोण अभिमान! टोळीतल्या बायांना सांगत सुटायची.

तिच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ओटीपोटात दुखायला लागलं, अंगावरून पांढरं जायला लागलं. उसाच्या फडात वाकून वाकून, डोक्यावर मोळ्या वाहून कुणाचं दुखणार नाही? पण दुखलं म्हणून बसता येत नाही. एक दिवस कामावर नाही गेलं की खाडा, आणि खाडा पडला की मुकादम दंड लावतो. तालुक्याला एक डॉक्टर होता, टोळ्यांमधल्या सगळ्या बाया त्याच्याकडंच जायच्या. त्यानं पाच मिनिटांत सांगितलं, पिशवी काढून टाका, ठेवली तर कॅन्सर होईल. टोळीतल्या अर्ध्याअधिक बायांनी आधीच काढली होती. पाळी नाही, दुखणं नाही, खाडा नाही. मुकादमालाही तेच बरं.

अक्काला दवाखान्यात घेऊन गेलेली मी. एकोणीस वर्षांची, शिकलेली. नर्सनं कागद पुढं केला. अक्कानं अंगठा शाईत बुडवला आणि मला विचारलं, "काय लिव्हलंय गं ह्याच्यात?" मी तो कागद वाचला. त्यात वाचण्यासारखं फारसं नव्हतंच. मी म्हणाले, "कर अंगठा. पिशवी काढली की कॅन्सरचं भ्याच गेलं."

हे वाक्य माझं. डॉक्टरचं नाही, मुकादमाचं नाही, माझं. कोऱ्या कपड्यांत, दोन वेण्या घालून मी ते म्हणाले होते.

तेव्हापासून आमच्या गावात ते वाक्य पक्कं आहे. बाया एकमेकींना सांगतात, आपली काढलीय, आपल्याला काय व्हायचं न्हाई. दौडीच्या आदल्या वर्षी अक्काला पुन्हा अंगावरून जायला लागलं, या वेळी लाल. आधी तिनं सांगितलंच नाही. दुखणं लपवायची सवय फडातून घरी येते, ती जात नाही. मग मला एक दिवस धुणं धुताना दिसलं. मी काय केलं? धने-जिऱ्याचं पाणी दिलं. "पिशवीच न्हाई तर काय होणार, उष्णता असंल," म्हणाले. सात महिने मी तिला धने-जिऱ्याचं पाणी पाजलं. अठरा वर्षं कारखान्यात खुर्चीवर बसलेली, पेपर वाचणारी बाई मी!

मोठ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईनं कागदावर चित्र काढून दाखवलं. वरची पिशवी काढली होती, पण पिशवीचं तोंड तसंच ठेवलं होतं. कॅन्सर त्या तोंडाला झाला होता. "मावशींना आधी का नाही आणलं? तपासणी पाच मिनिटांची असते," ती म्हणाली. पाच मिनिटं पिशवी काढा म्हणून सांगायला लागली होती, आणि पाच मिनिटंच यालाही लागली असती. अक्कानं ते चित्र मागून घेतलं आणि घडी घालून उशीखाली ठेवलं.

तर असं होतं. म्हणून नाव खोडायचं राहिलं.

नेकनूरच्या बाजारातून कॅनव्हासचे बूट आणले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. गावाबाहेर पाझर तलावाकडं जाणारा कच्चा रस्ता. तलावात भेगा पडलेल्या, त्यात क्रिकेट खेळता आलं असतं. मी पदर खोचला आणि जीव खाऊन पळाले. तिसऱ्या बाभळीपाशी डोळ्यांपुढं काजवे. बरगडीत अशी कळ आली की मी तिथंच मातीत फतकल मारून बसले. परत येताना टँकरच्या रांगेत घागरी घेऊन निम्मं गाव उभं. एक जण म्हणाला, "प्यायला पाणी न्हाई बे, अन् हिला घाम गाळायचाय!" दुसरा म्हणाला, "मॅडम, त्यो घाम घागरीत धरा, सांडू नका." मेल्यांनो, हसा! मी मान खाली घालून घरी आले.

अक्कानं सगळं विचारून घेतलं. किती लांब, कसा श्वास, कुठं कळ. मग उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "तुला काम करायचं कळतच न्हाई. फडात नवी बाई आली की ती बी असंच करती. पयल्या दिशी सपासप, सगळ्यांच्या फुडं. तिसऱ्या दिशी कोपीत आडवी. आगं, दिवसभर तोडायचं असतंय, सहा म्हैने तोडायचं असतंय. पयला घंटाभर अशी चाल धरायची की शेजारणीशी बोलता यावं. बोलता न्हाई आलं की समजायचं, लई जोरात चाललंय."

पुढं कधीतरी कारखान्यात आलेल्या एका शिक्षकानं पळण्याचं हेच शास्त्र मला मोठमोठे शब्द वापरून सांगितलं. मला ते आधीच ठाऊक होतं, बाजेवरून शिकलेलं.

ती रोज काहीतरी सांगायची. फडाच्या दुसऱ्या टोकाकडं बघायचं नाही, हातातल्या सरीकडं बघायचं. चढाला पाऊल बारीक टाकायचं, मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना टाकतात तसं. खांदे सैल ठेवायचे. पाणी घटाघटा प्यायचं नाही, तोंड ओलं करायचं. आणि थांबायचं नाही, दम लागला तर चालायचं, पण बसायचं नाही, बसलं की अंग जड होतं. पहिले पंधरा दिवस मी एक बाभूळ पळायचे आणि एक बाभूळ चालायचे. मग दोन पळायचे, एक चालायचे. आषाढ सरता सरता मी तलावाच्या सांडव्यापर्यंत न थांबता जायला लागले. आल्यावर अक्काला सगळा हिशोब द्यायचा, बाभळींचा. ती डोळे मिटून ऐकायची आणि मान हलवायची. तेवढा वेळ ती आजारी नसायची, मुकादमीण असायची.

पाण्यावरून मात्र आमचं भांडण झालं. टँकर दोन दिवसांआड यायचा, घरात दोन ड्रम. पळून आल्यावर अंगाला मिठाचे थर, ऑफिसला जायचं म्हणजे आंघोळ हवी. एक दिवस बघते तर अक्कानं तिच्या वाटणीची बादली झाकून माझ्यासाठी ठेवलेली. तिला दिवसातून दोनदा पुसून काढावं लागायचं, वास यायचा, तिला स्वतःला त्याची लाज वाटायची, आणि ही माझ्यासाठी पाणी राखतेय. मी ओरडले. "मरायचंय का तुला घाणीत?" असं म्हणाले. तोंडातून निघून गेलं. अक्का शांतपणे म्हणाली, "मरायचं तर हायच. तू आंगूळ कर, ऑफिसात वास मारंल." मी त्या बादलीनं आंघोळ केली. केली, काय सांगू.

श्रावणाच्या शेवटी तिनं विचारलं, "तुमच्या पळण्यानं जे औषध निघंल, ते माझ्यापस्तोर यील का?"

मी म्हणाले, "यील की."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला खोटं बोलता येतं असा माझा समज होता. "राहू दे," ती म्हणाली. "माझं राहू दे. ह्यांचं काय?"

ह्या म्हणजे तिच्या टोळीतल्या बाया. दुपारी तीन-चारजणी तिला बघायला यायच्या, बाजेभोवती बसायच्या. सगळ्या चाळिशीच्या आतबाहेरच्या, सगळ्यांच्या पिशव्या काढलेल्या. अक्कानं एके दिवशी उशीखालून ते चित्र काढून त्यांना दाखवलं. म्हणाली, हे तोंड राहातं, त्याला होतंय, तुमी तपासून घ्या. तर त्या एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. एक म्हणाली, "अक्का, तुला दुसरंच कायतरी झालंय. आमची कवाच काढलीय, आमाला कॅन्सर व्हतच न्हाई." दुसरी म्हणाली, "डॉक्टरच म्हणलावता." आजारी बाईची बडबड समजून त्यांनी तिच्या पायावरून हात फिरवला आणि उठून गेल्या. अक्का संध्याकाळपर्यंत भिंतीकडं तोंड करून पडली.

दिवे लागायच्या वेळेला मला म्हणाली, "माझं बाजेवरून कोण ऐकणार? पळून पोचलं की माईकवर बोलू देतेत म्हणालीवतीस ना?"

ते खरं होतं. प्रत्येक खात्याचा माणूस पोचला की त्याला मंचावर बोलवणार, पदक घालणार, दोन शब्द बोलू देणार, असं परिपत्रक होतं. आणि गर्दी दिसावी म्हणून कारखाना आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बाया आणणार होता. टोळ्या अजून निघायच्या होत्या, सगळ्या बाया गावातच होत्या.

"तिथं सांग," अक्का म्हणाली. "साहेबलोकांच्या मंचावरून, माईकवर सांगितलं तर पटंल त्यांला. पिशवी काढली तरी तोंड राहातंय. लाल जात असंल तर लपवू नका. एवढंच. आन माझं नाव घे, म्हणावं हिचं असं झालंय." मग माझा हात धरला. तिच्या तळव्याला कोयत्याचे घट्टे अजून होते. "टोळी निघायच्या आत सांग. एकदा फडावर गेल्या की सहा म्हैने कुणी दवाखान्याचं नाव घ्यायचं न्हाई."

मी शब्द दिला. आणि त्या दिवसापासून मी खरी पळायला लागले. आधी चेष्टा होती, मग अक्काचं मन रमवणं होतं, आता मला पोचायचंच होतं. भादव्यात भर उन्हात पळाले. डाव्या पायाच्या दोन बोटांची नखं काळी पडून गळाली. पाऊस नाहीच. टँकरच्या रांगेतले लोक हसायचे थांबले आणि "किती झालं आज?" असं विचारायला लागले. दौडीच्या आठ दिवस आधी मी गावापासून फाट्यापर्यंत आणि परत, पूर्ण दहा किलोमीटर न थांबता पळाले. घरी येऊन सांगितलं तर अक्कानं बाजेवर पडल्या पडल्या दोन्ही हात वर केले.

दौडीच्या दोन दिवस आधी शेतकी अधिकाऱ्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस गोड बोलणारा. माझी बहीण आजारी आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि मी काय बोलणार आहे हे मी मूर्खासारखं ऑफिसात एकीला सांगितलं होतं. "मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण पेपरवाले येणारेत. ऊसतोड, पिशव्या, हे सगळं परत वर येईल. साहेबांना चालणार नाही. आरोग्याचं काहीतरी छान बोला ना." मग समोरचा कागद उलटा करून म्हणाले, "हंगाम नाही म्हणून यंदा हंगामी लोकांना घरी बसवायची यादी काढायचीय. तुमच्या नावाचं मी बघतो." एवढंच. धमकी नाही की काही नाही. वर चहा पाजला.

घरी आल्यावर मी अक्काला यातलं काही सांगितलं नाही.

दौडीच्या दिवशी कारखान्याच्या गेटावर कमान, भोंगा, केळीचे घड. चिमणीतून यंदा धूर निघणार नव्हता, पण तिच्यावर दिव्यांच्या माळा. बंदुकीसारखा आवाज झाला आणि पोरं सुसाट सुटली. हेडक्लार्क मोटारसायकलवरून माझ्या बाजूनं जाताना ओरडला, "मॅडम, रिक्षा लावू का?" मी अक्काची चाल धरली. शेजारणीशी बोलता येईल अशी. शेजारीण नव्हती, म्हणून मी मनातल्या मनात ते वाक्य म्हणत होते. पिशवी काढली तरी तोंड राहातंय. पिशवी काढली तरी तोंड राहातंय. चौथ्या किलोमीटरला पुढं गेलेली पोरं कडेला ओकत बसलेली दिसायला लागली. फाट्याला वळसा घातला, चढ आला, मी पाऊल बारीक केलं. शेवटच्या टोकाकडं बघितलं नाही. आठव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आले, चालले, पण बसले नाही. खात्यांच्या माणसांत मी शेवटून दुसरी पोचले. पण पोचले! माझ्या अंगात तेव्हा एवढं बळ होतं की वाटलं, आता काहीही करता येईल.

निवेदकानं माझं नाव पुकारलं. शेतकी खात्याच्या रणरागिणी, असं काहीतरी. चेअरमन साहेबांनी पदक घातलं आणि माईक माझ्या हातात आला. समोर ट्रॉल्या. तिसऱ्या ट्रॉलीत आमच्या गावच्या बाया, अक्काच्या टोळीतल्या सगळ्या, उन्हाला पदर धरून उभ्या. हात हलवत होत्या. मंचाच्या पायरीवर शेतकी अधिकारी उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघून नुसतं स्मित केलं.

मी म्हणाले, "सगळ्यांचे धन्यवाद. साहेबांनी आम्हाला ही संधी दिली, त्याबद्दल शेतकी खात्यातर्फे मी आभार मानते. सर्वांनी आरोग्याची काळजी घ्यावी."

टाळ्या पडल्या. मी खाली उतरले.

तोंडाला कोरड पडली होती म्हणून बोलता आलं नाही, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खोटं आहे. बोलायच्या आधी मी बाटलीभर पाणी प्यायले होते. नोकरी गेली असती तर अक्काच्या औषधाचं काय, असंही सांगून बघितलं. तेही खोटं, कारण अक्काला आता औषध उरलंच नव्हतं, दुखणं दबायच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळत होत्या. मी भ्याले. दहा किलोमीटर पळून गेले आणि चार शब्दांच्या अलीकडं बसले.

घरी आले. अक्का वाट बघत होती, केस विंचरून घेतले होते शेजारणीकडून. मी पदक तिच्या हातात दिलं. ते तिनं बाजूला ठेवलं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणल्या?"

"ऐकून घेतलं गप. रडल्या एक-दोघी."

अक्का किती तरी वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली. फडात कुणी दुखणं लपवलं की तिला लांबून कळायचं. "दमली असशील. पाणी ठिवलंय, आंगूळ कर," एवढंच म्हणाली. संध्याकाळी टोळीतल्या बाया हसत-खिदळत आमच्या दाराशी आल्या, पदक बघायला, अक्काला भेटायला. मी उंबऱ्यातच उभी राहिले. "अक्का झोपलीय," म्हणाले. जागी होती. पुढचे आठ दिवस मी कुणालाही आत येऊ दिलं नाही, तिला त्रास होतो म्हणून सांगितलं. नवव्या दिवशी ती गेली. टोळी निघायला तेव्हा चार दिवस होते. बाया मातीला आल्या, माझ्या गळ्यात पडून रडल्या, आणि चार दिवसांनी मुकादमाच्या गाडीत बसून गेल्या. त्या चार दिवसांतही मी सांगू शकले असते. दुखवट्याच्या घरात कसं बोलायचं, असा तेव्हा विचार केला. मला कारणं लगेच सुचतात.

हंगामी लोकांची यादी निघाली. एकोणीस जणांना घरी बसवलं, मी राहिले. कारखान्याच्या कॅलेंडरवर पदक घातलेला माझा फोटो आला. देणगी त्या शहरातल्या संस्थेला पोचली, त्याचं पत्र नोटीस बोर्डावर लागलं. त्या पैशातून काही चांगलं निघालं असेल, निघो. मी कॅलेंडर घरी आणलं नाही.

चैत्रात टोळ्या परत आल्या. एका सकाळी अक्काच्या टोळीतली एक बाई माझ्या दारात आली. तीच ती, आमाला व्हतच न्हाई म्हणणारी. ओळखू येईना, निम्मी झाली होती. ओट्यावर बसली, इकडं-तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "बाई, एक विचारायचं होतं. अंगावरून लाल जायलंय. पिशवी तर न्हाई माझी. उष्णताच असंल न्हाई का? धने-जिऱ्याचं पाणी पेते मी, अक्का पेत होती तसं."

मी विचारलं, "कधीपासून?"

"झालं की लई दिवस. तुमच्या त्या पळण्याच्या आधीपासून थोडं थोडं. मग फडावर वाढलं. खाडा कोण करतंय म्हणून गप बसले."

मी आत जाऊन स्कूटीची किल्ली घेतली. अक्काचं ते घडी घातलेलं चित्र घेतलं. बाहेर येऊन तिला म्हणाले, चल, मागं बस, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं. ती बसली. गावाबाहेर पडल्यावर, पाझर तलावाच्या रस्त्याला, मी विचारू नये ते विचारलं. "त्या दिवशी तू ट्रॉलीत होतीस ना गं?"

"होते की," ती मागून म्हणाली. "तुमी पळत आलात तव्हा आमी सगळ्या उभ्या ऱ्हायलो. काय बोलताव म्हणून कान देऊन ऐकलं. मग तुमी धन्यवाद म्हणलात. आमी टाळ्या बी वाजवल्या."